सिद्धगडाच्या पायथ्याची खानेसुमारी

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या ऐन कड्याला लागून, सुमारें तीन हजार दोनशें फूट उंचीचा सिद्धगड उभा आहे. त्याच्या शेजारीं गोरखगड आणि मच्छिंद्रगड, मागें भीमाशंकराचें पठार, आणि समोर शहापूर-मुरबाडचा सारा टापू पसरलेला. या गडावर मोठ्या लढाया झाल्याची प्रसिद्धि नाहीं, आणि राजधानी होण्याचें भाग्यहि त्याच्या वांट्याला आलें नाहीं. तरीहि त्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसांना इतिहास आहेच. तीं माणसें किती होतीं, कोणत्या धान्यावर जगत होतीं, वर्षाकांठीं त्यांच्या हातीं काय पडत होतें, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच तो इतिहास बनला आहे. बखरकारांनीं हे प्रश्न कधीं विचारले नाहींत. पुढें सरकारी गणक आले, त्यांनीं पहिला प्रश्न विचारला आणि दुसरा सोडून दिला. लोकसंख्या मोजली गेली. मिळकत मात्र बहुधा अंदाजावरच राहिली. या दोहोंमधील अंतरांत डोंगराखालच्या वाड्यांचें दीडशें वर्षांचें सुखदुःख सांठलेलें आहे.

या तालुक्याला आंकडे नवे नाहींत. मुरबाडवरून घाटमाथ्यावर जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटांतील लेण्याच्या भिंतीवर सातवाहनकालीन शिलालेख कोरलेला आहे. राणी नागनिकेच्या नांवाशीं तो निगडित असून यज्ञप्रसंगीं दिलेल्या दक्षिणेची यादी त्यांत दिली आहे. गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणीं किती, हें सर्व अंकांत लिहिलेलें आहे. भारतीय अंकांच्या इतिहासांत या लेखाला मानाचें स्थान आहे, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत त्यांतील अंकांचा केलेला उलगडा विद्वानांना ठाऊक आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, दान देणाऱ्याची संपत्ति दोन हजार वर्षांपूर्वीं मोजून दगडावर कोरली गेली; परंतु घाट चढून ओझें वाहणाऱ्या हमालाच्या पदरीं काय पडलें तें कोणी कोरलें नाहीं. हिशेब ठेवण्याची विद्या या डोंगरांत फार जुनी आहे. तो हिशेब कोणाचा ठेवावयाचा, एवढाच प्रश्न उरला होता.

खानेसुमारी हा शब्द फारशींतून आला. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. पेशवाईच्या दप्तरांत घरें, गुरें, नांगर, विहिरी यांच्या मोजणीचे कागद आढळतात. ही मोजणी करवसुलीसाठीं असे; म्हणून ज्याच्याकडून कांहीं वसूल व्हावयाचें नाहीं त्याची नोंद घेण्याची फारशी निकड नसे. रानांतल्या काथोड्याच्या झोंपडीला घरपट्टी कोण बसविणार? १८१७ च्या पुणें येथील तहानें उत्तर कोंकण इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि कांहीं दशकांनीं जमिनीची पैमाष सुरू झाली. भातखाचर, वरकस, माळ अशी प्रतवारी लागून प्रत्येक तुकड्याला आकार ठरला. जमीन पहिल्यानें मोजली गेली, माणसांचा क्रम मागाहून आला.

मुंबई इलाख्यांत नियमित शिरगणति १८७२ सालीं झाली. सबंध हिंदुस्थानांत एकाच वेळीं घेतलेली पहिली गणना १८८१ च्या १७ फेब्रुवारीची. त्यानंतर १८९१ सालीं २६ फेब्रुवारीला, १९०१ सालीं १ मार्चला, १९११ सालीं १० मार्चला, १९२१ सालीं १८ मार्चला आणि १९३१ सालीं २६ फेब्रुवारीला ही मोजणी झाली. एका रात्रीं, जो जेथें असेल त्याला तेथेंच मोजावयाचें, अशी तेव्हांची पद्धत होती. रात्र निवडतांना चांदणें असावें, मोठी जत्रा नसावी, लग्नाची तिथि नसावी, याची काळजी घेतली जाई. गणकाच्या सोयीनें पाहतां ही निवड उत्तमच होती. आतां डोंगराखालच्या माणसाच्या वर्षाकडे पाहावें, म्हणजे या निवडींत काय निसटलें तें ध्यानांत येईल.

त्याचें वर्ष चैत्र-वैशाखांत राबापासून सुरू होतें. भाताच्या रोपासाठीं निवडलेल्या तुकड्यावर झाडांच्या फांद्यांचे टाहाळे, शेण, पाला आणि गवत पसरावयाचें, वर बारीक मातीचा थर द्यावयाचा आणि तें भाजावयाचें, यालाच राब म्हणतात. मृगाचा पाऊस पडला कीं या भाजलेल्या जमिनींत रोप टाकावयाचें आणि आषाढांत तें उपटून चिखलांत लावावयाचें. उतारावर नाचणी आणि वरी. लावणीच्या दिवसांत कष्ट सर्वांत जास्त आणि घरांतील कणगी मात्र रिकामी, अशी स्थिति असते. मागील सालचें धान्य ज्येष्ठांतच संपलेलें असतें. अशा वेळीं सावकाराच्या दारीं जाऊन खावटी आणावी लागे. एक मण भात आणावयाचें आणि सुगीला दीड मण घालावयाचें, ही दिढी. कोठें कोठें ती दुणीवर जाई. ज्याच्याकडे भातहि नसे तो पावसाळ्यांतच आपल्या अंगच्या कष्टावर किंवा रानच्या गवतावर उचल घेई. तिला पालेमोड म्हणत. गवत अजून उगवतें आहे तोंच त्याची किंमत ठरून जाई, आणि ती कोण ठरवी हें सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी, मग सावकाराची फेड. मार्गशीर्ष-पौष येतांना पुष्कळ घरांत दोनतीन महिन्यांचेंच धान्य शिल्लक राही.

मग ही माणसें रान उतरून जात. पूर्वीं कात पाडण्यासाठीं आणि कोळशाच्या भट्ट्यांसाठीं, पुढें कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. दिवाळीनंतर निघालेलें कुटुंब बायकामुलांसह वैशाखापर्यंत भट्टीवरच राही. होळीला चार दिवस परतलें तर परतलें. आणि गणना कधीं? फेब्रुवारी-मार्चमध्यें! अर्थात् सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी ज्या काळांत अर्धी रिकामी असते नेमक्या त्याच काळांत तिचीं माणसें मोजलीं जात. तीं भट्टीवर मोजलीं गेलीं असतील तर भट्टीच्या गांवाची संख्या फुगली, आणि दोन गांवांच्या शिवेवरील पालांत राहिलीं असतील तर कदाचित् कोठेंच मोजलीं गेलीं नसतील. १९४१ पासून एका रात्रीची पद्धत सुटली आणि कांहीं दिवस चालणारी मोजणी सुरू झाली. परंतु ऋतु बदलला नाहीं. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळांतच झाली.

आंकडे आणखी एका प्रकारानें फसवितात. १८८१ सालीं ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या ९ लक्ष ८ हजार ५४८ होती. १९०१ सालीं ती ८ लक्ष ११ हजार ४३३ झाली. केवळ हे दोन आंकडे पाहणाऱ्याला वाटेल कीं, वीस वर्षांत लाखभर माणसें नाहींशीं झालीं. दुष्काळ पडला, १८९६ पासून प्लेग आला, १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ तर म्हातारीं माणसें पुढें पन्नास वर्षें आठवीत राहिलीं; या आपत्तींनीं मुंबई इलाख्याची लोकसंख्या त्या दशकांत खरोखरच घटली. परंतु ठाण्याच्या घटींतील मोठा भाग मृत्यूचा नव्हता, तो नकाशाचा होता. १८८३ सालीं पनवेल आणि १८९१ सालीं कर्जत हे भाग कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले. माणसें आपल्या घरींच राहिलीं; जिल्हा तेवढा त्यांच्या पायांखालून सरकला. हाच प्रकार १ ऑगस्ट २०१४ रोजीं पुन्हां घडला. २०११ च्या गणनेंत १ कोटी १० लक्ष ६० हजार १४८ लोकसंख्येचा ठाणें जिल्हा त्या दिवशीं पालघर वेगळा झाल्यानें ८० लक्ष ७० हजार ३२ लोकसंख्येचा उरला. म्हणून कोणताहि आंकडा हातीं घेतांना त्याची शीव कोठें आहे, हें आधीं विचारलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत या टापूच्या मिळकतीवर दोन गोष्टींनीं खोल परिणाम केला. पहिली आगगाडी. मुंबईहून देशावर जाणारी लोहमार्गाची वाट प्रारंभीं माळशेज घाटानें न्यावी असा विचार होता. तो बेत टिकला असता तर मुरबाड हें मोठें स्टेशन झालें असतें. परंतु घाट अवघड ठरला आणि मार्ग शहापुराकडून गेला. १८५५ मध्यें गाडी वाशिंदपर्यंत, १८६१ मध्यें कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्यें थळघाट चढून इगतपुरीस पोंचली. नाणेघाट आणि माळशेज यांवरून शतकानुशतकें चालत आलेली बैलांच्या तांड्यांची वाहतूक त्यामुळें ओसरली. शहापूर तालुक्याला रूळ मिळाले, तरी त्या रुळांवरून आधीं गेलें तें रानांतलें लांकूड आणि कोळसा. आणि त्या विक्रींतील मोठा वांटा व्यापाऱ्याच्या तिजोरींत पडला.

दुसरी गोष्ट जंगलाचा कायदा. १८७८ च्या कायद्यानें राखीव रानांची आंखणी झाली. खैराचा कात पाडून जगणाऱ्या कातकऱ्याचा धंदा एका रेघेनें संपला. त्याच्या जातीचें नांवच ज्या धंद्यावरून पडलें तो धंदा गुन्हा ठरला. राबासाठीं टाहाळे तोडण्यावरहि निर्बंध आले, आणि मग एकट्या आदिवासीचाच नव्हे, तर कुणबी, आगरी, पांढरपेशे खातेदार, सर्वांचाच प्रश्न उभा राहिला. कारण राबाशिवाय रोप नाहीं आणि रोपाशिवाय भात नाहीं. ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं आला आणि राबासंबंधीं कांहीं सवलती मिळाल्या. पुढें १८९२ सालीं मोहाच्या फुलांवरहि कायद्याचा हात पडला. मोहफुलें म्हणजे सरकारला चोरट्या दारूचें साधन. रानांतल्या माणसाला तें उन्हाळ्यांतलें अन्न होतें. हिरडा, मध, कंद, मोह, सरपण या वस्तूंना रुपयांत किंमत लावून पाहिली तर ती क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घराला रोकड दिसतच नाहीं त्या घरांत हीच खरी मिळकत असते. तिची नोंद कोठेंहि नव्हती. म्हणून ती गेली तेव्हां कोणाच्याहि वहींत घट दिसली नाहीं.

मिळकतीचे अंदाज मात्र याच काळांत निघूं लागले होते. दादाभाई नौरोजींनीं १८६७-६८ सालासाठीं हिंदी माणसाचें वार्षिक उत्पन्न सरासरीनें वीस रुपये ठरविलें, आणि तुरुंगांतल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारला याहून अधिक खर्च येतो, हें दाखवून दिलें. लॉर्ड कर्झननें शतकाच्या आरंभीं तीस रुपयांचा आंकडा पुढें केला. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीं १९३१-३२ सालासाठीं काळजीपूर्वक हिशेब करून ब्रिटिश हिंदुस्थानांत माणशीं बासष्ट रुपये असा अंदाज काढला. त्यांतहि शहरांत १६६ आणि खेड्यांत अवघे ५१. इकडे पुण्याजवळ डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर हें एकच गांव घेऊन त्याचा कानाकोपरा तपासला आणि १९१७ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध केलें. १७७१ सालीं त्या गांवीं सरासरी खातें चाळीस एकरांचें होतें. १९१४-१५ सालीं तें सात एकरांवर आलें होतें. सबंध देशाची सरासरी जें सांगूं शकत नाहीं तें एका गांवाच्या पाहणीनें सांगितलें. सिद्धगडाच्या पायथ्याशीं मात्र असा कोणी मॅन आला नाहीं.

सरासरीचा दोष समजून घेण्यासाठीं दहा घरांची एक वाडी कल्पावी. नऊ घरांना वर्षाला प्रत्येकीं साठ रुपये मिळतात, आणि दहावें घर सावकाराचें असून त्याला चौदाशें साठ मिळतात. एकूण दोन हजार झाले, सरासरी घरटी दोनशें. आतां दोनशें रुपये मिळविणारें घर त्या वाडींत एकहि नाहीं! याउलट सर्व घरें मिळकतीच्या क्रमानें ओळीनें उभीं केलीं आणि मधल्या घराचें उत्पन्न विचारलें, तर उत्तर साठ येईल, आणि तें खरें असेल. या दुसऱ्या पद्धतीला मध्यक म्हणतात. अमेरिकेंत १७९० पासून दर दहा वर्षांनीं गणना होत आली आहे, आणि १९४० सालीं तिच्यांत मजुरी व पगार किती मिळाला हा प्रश्न प्रथम घातला गेला. त्यामुळें तेथील हजारदोन हजार वस्तीच्या खेडेवजा गांवाचीहि माणसें किती, त्यांचें वय काय आणि मधल्या घराची मिळकत किती, हें छापील सांपडतें. तेथेंहि हा प्रश्न घालतांना मोठा गहजब झाला. सरकारनें लोकांच्या खिशांत डोकावूं नये, असें पुष्कळांचें म्हणणें होतें. परंतु त्यामुळें गरिबी कोठें आहे हें बोट ठेवून दाखवितां येऊं लागलें. भारतीय दशवार्षिक गणनेंत हा प्रश्न आजवर आलेला नाहीं. १९५० पासून चाललेल्या राष्ट्रीय नमुना पाहणींतहि मुख्य भर घरखर्चावर राहिला; कारण ज्याची मिळकत भात, गवत, उचल आणि फेड यांच्या गुंत्यांत आहे त्याला ती रुपयांत सांगतांच येत नाहीं.

हा गुंता सरकारी कागदांवर प्रथम ठळकपणें आला तो डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या अहवालानें. १९३५ च्या कायद्याखालीं ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हे पेटे अंशतः वगळलेले प्रदेश ठरले होते. तेथील आदिवासींची स्थिति तपासण्याचें काम सिमिंग्टनकडे आलें. सावकारी, वेठ, खंडाची जुलमी वसुली, आणि लग्नाच्या खर्चासाठीं कर्ज काढून नवराबायकोनें सावकाराच्या घरीं राबत राहावयाचें ही लग्नगड्याची चाल, हें सर्व त्यानें मोकळेपणें लिहून काढलें. लग्नगड्याला जेवण मिळे, वस्त्र मिळे. मजुरी कर्जांत वळती होई आणि कर्ज कधींच फिटत नसे. अशा माणसाचें वार्षिक उत्पन्न कोणत्या रकान्यांत लिहावें? खानेसुमारींत तो ‘शेतमजूर’ म्हणून एक अंक वाढवी. वस्तुतः तो गहाण पडलेला होता.

याच सुमारास कर्जत-मुरबाडच्या बाजूला एका तरुण वकिलानें हाच प्रश्न वेगळ्या बाजूनें धरला. माथेरान येथें १९१२ सालीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सर्वांचे भाई कोतवाल, यांनीं शेतकरी आणि आदिवासी यांच्यासाठीं धान्यकोठ्या उभ्या केल्या आणि खेड्यांत शाळा काढल्या. धान्यकोठी हा प्रयोग दिसावयास साधा; परंतु सावकाराची सत्ता आषाढ-श्रावणांतील रिकाम्या कणगीवर उभी आहे, हें ज्यानें ओळखलें त्यालाच तो सुचेल. सुगीला सर्वांनीं थोडथोडें भात कोठींत घालावयाचें आणि पावसाळ्यांत गरजेप्रमाणें न्यावयाचें. मग दिढी कोणाला द्यावयाची? १९४२ च्या चळवळींत कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. ज्या वाड्यांवरून ती वीज जात होती त्यांना स्वतःला रॉकेलची चिमणीहि परवडत नव्हती. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांनीं दस्त्याला गांठलें, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथें हुतात्मे झाले. दर वर्षीं त्या दिवशीं सिद्धगडाच्या पायथ्याशीं लोक जमतात. हुतात्म्यांचें स्मरण करतांना त्यांच्या धान्यकोठ्यांचेंहि स्मरण व्हावयास हवें, कारण मनोऱ्यांआधीं त्या कोठ्याच उभ्या राहिल्या होत्या.

दोन वर्षांनीं, १९४५ च्या जानेवारींत, टिटवाळें येथें किसान सभेचें अधिवेशन भरलें आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखालीं उंबरगांव-डहाणूकडचे वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. रोजी बारा आणे मिळावी, ही त्यांची एक मागणी होती. बारा आणे हा आंकडा लहान खरा. परंतु मिळकत किती असावी हें त्या माणसांनीं स्वतः मोठ्यानें सांगितलें, हें मोठें. तोंपर्यंत त्यांच्याबद्दल इतरांनीं अंदाज केले होते.

स्वातंत्र्यानंतर कायदे पुष्कळ झाले आणि त्यांपैकीं कांहींनीं खरोखर बदल घडविला. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळें अनेक कुळें जमिनीचीं मालक झालीं. तोंडी वहिवाटीवर कसणारे, ज्यांचें नांव सातबाऱ्यावर चढलें नव्हतें, ते मागें राहिले. १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें बंद झाली, आणि पुढें या जिल्ह्यांत वेठबिगारांना सोडविण्याच्या चळवळी झाल्या. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७७ च्या कायद्यानें स्थिर झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, एकशेंअठ्ठावीस वर्षांपूर्वीं रानावर पडलेल्या कुलुपाची एक किल्ली ग्रामसभेच्या हातीं दिली.

या काळांत शहापूर-मुरबाडच्या खोऱ्यांतून सर्वांत मोठी संपत्ति बाहेर गेली ती पाण्याची. तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ च्या सुमारास आणि भातसा १९८० नंतरच्या दशकांत मुंबईच्या उपयोगीं आलीं. एकट्या भातसाकडून मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्मा वांटा जातो. बारवीचें पाणी कल्याणकडील कारखान्यांना आणि शहरांना जातें. आणि चैत्र-वैशाखांत शहापूर तालुक्यांतील कित्येक पाडे सरकारी टँकरची वाट पाहत उभे असतात. पावसानें भरलेलें धरण डोळ्यांसमोर, आणि हंडा कोरडा! पाण्याला दर असता आणि तो दर ज्या गांवाचें पाणी त्याच्या खातीं जमा होत असता, तर या दोन तालुक्यांची मिळकत काय दिसली असती, याचा विचार मुंबईच्या प्रत्येक घरानें नळ सोडतांना करण्यासारखा आहे.

आतां २०११ चे आंकडे पाहावे. शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लक्ष १४ हजार १०३, मुरबाडची १ लक्ष ९० हजार ६५२. दोन्ही मिळून पांच लाखांच्या किंचित् वर. आजच्या ठाणें जिल्ह्याच्या क्षेत्रफळापैकीं निम्म्याहून अधिक भाग या दोन तालुक्यांनीं व्यापला आहे. लोकसंख्येपैकीं मात्र शेंकडा अवघे सहा लोक तेथें राहतात. उरलेले शेंकडा चौऱ्याण्णव ठाणें, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ या शहरांच्या पट्ट्यांत आहेत. एकट्या ठाणें शहरांत अठरा लाखांवर माणसें, कल्याण-डोंबिवलींत बारा लाखांवर. महाराष्ट्रांत माणशीं उत्पन्नाच्या बाबतींत मुंबई-पुण्याबरोबर ठाणें जिल्ह्याचें नांव वरच्या ओळींत येतें. हा सन्मान शेंकडा चौऱ्याण्णवांचा आहे. सहांचें उत्पन्न त्या सरासरींत असें बुडून जातें कीं, त्याचा रंगहि पाण्याला येत नाहीं. दहा घरांच्या कल्पित वाडीचा हिशेब येथें जिल्ह्याएवढा झाला आहे. शहापुरांत सुमारें एक तृतीयांश लोक आदिवासी आहेत, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी. आणि त्यांतील कातकरी तर महाराष्ट्रांतील अतिशय दुर्बल ठरविलेल्या तीन जमातींपैकीं एक.

मिळकतीचा प्रश्न घरोघर विचारण्याचा एक मोठा प्रयत्न २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय पाहणींत झाला. घरांत सर्वांत अधिक मिळविणाऱ्या माणसाला महिना पांच हजारांपेक्षां कमी मिळतात, पांच ते दहा हजार मिळतात, कीं त्याहून अधिक, एवढेंच त्यांत विचारलें होतें. २०१५ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां देशांतील ग्रामीण घरांपैकीं शेंकडा सुमारें चौऱ्याहत्तर घरें पहिल्याच पायरीवर दिसलीं. प्रश्न ढोबळ होता. तरीहि सरासरीच्या आड गेलेला देश त्यानें पुढें आणला. वीटभट्टीवर दिवाळीला उचल घेऊन वैशाखांत हिशेब करणाऱ्या कुटुंबानें या प्रश्नाला काय उत्तर द्यावें, हा पेंच मात्र तसाच राहिला. उचल ही मिळकत म्हणावी कीं कर्ज? आजोबाची पालेमोड आणि नातवाची उचल यांत नांवाखेरीज फरक किती आहे?

२०२१ ची गणना साथीमुळें लांबली, आणि पुढच्या गणनेसाठीं १ मार्च २०२७ हा क्षण ठरविण्यांत आला. म्हणजे पुन्हां तोच ऋतु; वाडीचीं दारें ओढून घेतलेलीं आणि माणसें भट्टीवर. गणना शीघ्र आणि सोयीची व्हावी हें योग्यच. परंतु ज्या माणसाच्या नांवानें शाळा, शिधा, पाणी आणि दवाखाना ठरावयाचा आहे तो सुगीनंतर कोठें असतो, हें गणकाला ठाऊक असलें पाहिजे. भट्टीच्या मालकाला विचारून माणसें मोजूं नयेत. पालापालांत जाऊन, प्रत्येकाचें गांव विचारून मोजावींत. आणि शहरांतील सुशिक्षित घरांनीं जिल्ह्याच्या समृद्धीचे आंकडे वाचतांना एक प्रश्न स्वतःशीं ठेवावा: ही सरासरी आहे कीं मधलें घर? सिद्धगडाच्या पायथ्याशीं आषाढाच्या अमावास्येला कणगींत किती भात शिल्लक आहे, त्यावरून त्या टापूची खरी मिळकत कळते. तो आंकडा अजून कोणत्याहि पुस्तकांत छापलेला नाहीं. तो ज्या दिवशीं छापला जाईल त्या दिवशीं दीडशें वर्षांपूर्वीं अर्धी राहिलेली ही खानेसुमारी पुरी होईल.